शिरपूरचे कुलूप आणि अधांतराची कुळकथा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर आसपासच्या मुलखात ‘शिरपूर जैन’ म्हणून ओळखले जाते, आणि देशभरच्या जैनांना त्याचे नाव ठाऊक आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. आख्यायिका अशी: एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, राजाला कातडीचा असाध्य रोग जडला होता. कोणी या राजाला ईल म्हणतात, कोणी श्रीपाल. रानातल्या एका तळ्याच्या पाण्याने त्याने हातपाय धुतले आणि रोग गेला. तळ्यात पार्श्वनाथांची मूर्ती आहे असा दृष्टांत झाला. ती गाडीत ठेवून ने, पण वाटेत मागे वळून पाहू नकोस, अशी अट पडली. राजाने अर्थातच पाहिले. गाडी पुढे निघून गेली आणि मूर्ती जमिनीला न टेकता होती तिथेच राहिली. लोकांच्या तोंडी असे की एके काळी तिच्या खालून घोडेस्वार सहज निघून जाई. चौदाव्या शतकात श्वेतांबर आचार्य जिनप्रभसूरी यांनी ‘विविधतीर्थकल्प’ लिहिला, तोवर हे अंतर बरेच आटले होते. पूर्वी डोक्यावर घडा घेतलेली बाई खालून जायची, आता वस्त्र सरकेल एवढीच फट उरली आहे, असे ते नोंदवतात. त्यांच्याही आधी, तेराव्या शतकात, मदनकीर्ती या दिगंबर यतीने आपल्या तीर्थस्तुतीत या मूर्तीच्या अधांतरी असण्याचे नवल केले आहे. म्हणजे जैनांच्या श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांची जुनी लिखित साक्ष या एकाच मूर्तीबद्दल आहे, आणि पुढच्या सगळ्या कज्ज्याचे बी तिथेच आहे. याच कज्ज्यातून 1981 मध्ये या मंदिराला कुलूप लागले. ते निघाले मार्च 2023 मध्ये.

बेचाळीस वर्षे बंद दाराआड राहिलेल्या अधांतरी देवाकडे पाहून कोणालाही शब्दखेळ सुचेल. त्यापेक्षा मोठा प्रश्न या कुलपात दडलेला आहे. ना इकडे ना तिकडे अशा अवस्थेला पाश्चात्त्य जगात लिंबो म्हणतात, आपण त्रिशंकू म्हणतो, वऱ्हाडी माणूस ‘लोंबकळत पडलं’ म्हणून मोकळा होतो. ही अवस्था उपजते कशी? सर्वसाधारण समज असा की निर्णय व्हायचा राहिला की माणूस अधांतरी लटकतो. निरनिराळ्या धर्मांतले आणि राज्यव्यवहारातले दाखले एकत्र ठेवून पाहिले, तर उलटेच दिसू लागते. अधांतर बहुधा निर्णयातूनच जन्माला येते. दोन नियम असतात, दोन्ही पवित्र किंवा पक्के मानलेले, आणि एखादे प्रकरण असे येते की एक नियम पाळला तर दुसरा मोडतो. नियम राखणाऱ्यांना दोहोंपैकी एकही सोडायचा नसतो. मग ते एक तिसरी जागा आखतात आणि ते प्रकरण तिथे नेऊन ठेवतात. नियम शाबूत राहतात. किंमत मोजतो तो तिथे ठेवलेला.

लिंबोचे मूळ पाहिले तर हे स्वच्छ दिसते. लॅटिनमध्ये ‘लिंबुस’ म्हणजे कड, वस्त्राचा काठ. मध्ययुगीन धर्मपंडितांच्या नकाशात ती नरकाची कड होती. तिच्या आधीची छाया रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’मध्ये सापडते: पाताळाच्या उंबरठ्यावरच अकाली गेलेल्या तान्ह्या बाळांचे रडणे नायकाच्या कानी पडते. ख्रिस्ती विचाराने या उंबरठ्याला तर्क दिला. बाप्तिस्म्याशिवाय आदिपाप धुतले जात नाही आणि आदिपाप असताना स्वर्ग नाही, हा एक नियम. देव न्यायी आहे, स्वतः काहीच न केलेल्याला तो शिक्षा करणार नाही, हा दुसरा. बाप्तिस्मा होण्याआधीच मेलेले बाळ या दोन नियमांच्या बरोबर मध्ये येते. पाचव्या शतकाच्या आरंभी, आदिपाप नाकारणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी वाद घालताना, संत ऑगस्टीनने कडक बाजू घेतली: अशी बाळे दंडालाच पात्र, मात्र त्यांचा दंड सर्वांत सौम्य. पुढची काही शतके हे उत्तर चालले, पण सगळ्यांच्या गळी उतरले नाही. बाराव्या शतकात धर्मपंडित अॅबेलार्डने तो दंड फक्त ईश्वरदर्शनाला मुकण्यापुरता सौम्य केला. तेराव्यात थॉमस अक्वायनसने बाळांना दुःखच नाही असे ठरवले. त्यांना जे मिळाले नाही ते आपल्याला मिळण्याजोगे होते याचीही त्यांना कल्पना नसते, ती आपल्या परीने सुखीच असतात. ख्रिस्तापूर्वीच्या पुण्यवान पूर्वजांसाठी वेगळा लिंबो होता. ख्रिस्ताने मृत्यूनंतर तिथे उतरून त्यांना सोडवले, अशी श्रद्धा. म्हणजे वडीलधाऱ्यांचा लिंबो रिकामा झाला, बाळांचा भरत राहिला. इटालियन कवी दान्तेने चौदाव्या शतकात आपल्या काव्यातल्या नरकाच्या पहिल्या वर्तुळात, म्हणजे याच लिंबोत, होमर, सॉक्रेटिस यांच्याबरोबर सलाहुद्दीन आणि इब्न सीना यांनाही आणून बसवले आणि त्यांना राहायला सात तटांचा किल्ला दिला. त्यांच्या वाट्याला यातना नाहीत, आशाही नाही. इतकी सभ्य कोठडी साहित्यात दुसरी क्वचितच असेल.

लिंबो ही मुळात दयेची कल्पना होती, तिला बेगुमान नियमबाजीचे नाव देणे अन्यायाचे, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. ऑगस्टीनच्या उत्तरापेक्षा अक्वायनसचे उत्तर नक्कीच मायेचे. पण ही माया कोणाच्या खिशातून आली ते पाहिले पाहिजे. प्राणसंकटात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते, अगदी ख्रिस्ती नसलेली सुईणही, अशी सवलत चर्चने ठेवली होती. एवढी सोपी वाट असूनही बाळ तसेच गेले तर आईच्या मनात काय उरत असेल? आयर्लंडमध्ये अशा बाळांना चर्चच्या पवित्र भूमीत जागा नसे. त्यांना रानात, जुन्या पडक्या आवारात, गावाच्या हद्दीवर पुरले जाई, आणि तशा दफनजागा तिथे आजही शेकड्यांनी दाखवता येतात. बाळ सुखी आहे असे पंडित सांगत होते. बाळाची जागा मात्र गावाबाहेर होती. आणि ज्या नियमातून हा पेच निघाला, तो नियम या सगळ्यात तसूभर हलला नाही. चर्चने लिंबोला अधिकृत सिद्धांताचा दर्जा कधीच दिला नाही, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. 1794 मध्ये पोप सहावे पायस यांनी लिंबोला भाकडकथा म्हणणाऱ्यांना फटकारले, पण लिंबो मानलाच पाहिजे असे सांगितले नाही. चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात लिंबो हा शब्दच नाही. अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवले आहे. 2007 मध्ये चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाने या विषयावर दस्तऐवज काढला आणि बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणे आहेत असे म्हटले. लिंबो हे एक संभाव्य मत म्हणून मात्र शिल्लक ठेवले. सोळाशे वर्षांनंतर पेच सैल झाला तो बाळांबद्दल नवे काही कळले म्हणून नाही. नियमाचा अर्थ लावणारे नरमले, म्हणून झाला.

आपल्या त्रिशंकूची कथा याच साच्याची आहे, आणि लोकोक्तीत तिची नेमकी धार बोथट झाली आहे. विधानसभेत कोणाला बहुमत नाही की आपण ‘त्रिशंकू’ म्हणतो, जणू त्रिशंकू म्हणजे अनिर्णय. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात तसे नाही. सदेह स्वर्गात जायचे म्हणून राजा वसिष्ठांकडे गेला, नकार मिळाला. त्यांच्या मुलांकडे गेला, शाप मिळाला. विश्वामित्रांनी यज्ञ मांडून त्याला वर पाठवले, इंद्राने खाली डोके करून ढकलले. विश्वामित्रांनी मध्येच थांबवले आणि संतापाच्या भरात दक्षिणेला नवी नक्षत्रे रचायला घेतली. इथे देव घाबरून वाटाघाटीला आले आणि तडजोड झाली. ती वाचताना एखाद्या वकिलाने मसुदा केला असावा असे वाटते: विश्वामित्रांची नक्षत्रे राहतील, पण देवांच्या ठरलेल्या मार्गाबाहेर, त्रिशंकू त्यांच्यात राहील, उजळलेला, देवासारखा, पण डोके खालीच. ऋषीचा शब्द राहिला, इंद्राचा नियम राहिला. कोणीही अनिर्णीत नव्हते. दोन निर्णय होते, दोन्ही अमलात आले, आणि ते दोन्ही एकाच माणसाच्या देहावर अमलात आले. उलट्या डोक्याबद्दल त्रिशंकूचे मत कोणी विचारलेले कथेत दिसत नाही.

इथे एक भेद करणे भाग आहे, नाहीतर मृत्यू आणि पुढचा जन्म यांमधली प्रत्येक अवस्था लिंबोच्या पोत्यात कोंबली जाईल, आणि असे कोंबणे तुलनात्मक लेखनात फार चालते. आपल्याकडे मृताला प्रेतत्व येते. दहा दिवसांच्या पिंडांनी त्याचा देह घडतो, बाराव्याला सपिंडीकरण झाले की तो पितरांत मिसळतो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना की घाटावर बसलेली माणसे कासावीस होतात, ‘अमुक करू, तमुक सांभाळू’ असे बोलून दाखवतात, ते यासाठीच की मुदत संपत आली आहे आणि सुटका व्हायला हवी. तिबेटी बौद्धांचा बार्दो एकोणपन्नास दिवसांचा. इस्लाममधला बरझख कयामतपर्यंत, म्हणजे लांबचा खरा, पण शेवट ठरलेला. या प्रतीक्षा आहेत. प्रतीक्षेला तारीख असते, निदान अट असते; लिंबोला दोन्ही नसतात. आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत, जिथे युरोप अडकला, तिथे धर्मशास्त्राने पेच पडूच दिला नाही. दोन वर्षांच्या आतले मूल दहन न करता गावाबाहेर शुद्ध जागी पुरावे, त्याला अग्नी नको, उदक नको, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. संस्कारांचा नियम त्याला लागूच नाही, तेव्हा नियमातून गळण्याचाही प्रश्न नाही. बाहेरून पाहता आयरिश बाळाची आणि या बाळाची जागा सारखीच, गावकुसाबाहेर. पण एकाला दार बंद होते आणि दुसऱ्याला दारच लागत नव्हते. अर्थात याच शास्त्राने अपमृत्यू आलेल्यांसाठी, निपुत्रिकांसाठी मुदत नसलेली भटकंती तयार केलीच. त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबळीला लागणारी गर्दी त्याची साक्ष आहे. जिथे नियम जास्त, तिथे फटी जास्त.

जैन दर्शनाने तर मधली अवस्था पार मोडीत काढली. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे देह सोडलेला जीव नव्या जन्मस्थानी पोचतो तो चार समयांच्या आत, आणि समय म्हणजे काळाचा अविभाज्य कण. पापणी लवायला असे असंख्य समय लागतात. वाट पाहणारा आत्मा नाही, म्हणून त्याला पिंड नाही, श्राद्धाचे प्रयोजन नाही. बौद्धांच्या काही शाखांनी अंतराभव, म्हणजे दोन जन्मांमधली अवस्था, मानला, काहींनी नाकारला, त्यावर ग्रंथ लिहिले. जैनांनी हा वाद उभाच राहू दिला नाही. ज्या परंपरेने मृत्यूनंतरच्या अधांतराला पापणी लवण्याइतकीही जागा ठेवली नाही, तिच्याच एका तीर्थाला इहलोकात बेचाळीस वर्षे अधांतर भोगावे लागले. म्हणजे अधांतर हे तत्त्वज्ञानातून येते हा समज अपुरा आहे. ते येते व्यवस्थेतून, ताब्यातून, दाव्यांतून.

आणि अधांतरी व्यवस्थेची वऱ्हाडाला सवय जुनी. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, ते फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या कर्जापोटी. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. वाशीम, तेव्हाचे बासीम, त्यातला एक जिल्हा होता. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम महबूब अली खानांकडून कायमचा पट्टा करून घेतला, वर्षाला 25 लाख रुपये देऊन. सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिले, कागदावर. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले, 1905 मध्ये बासीम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला. पुढचे निजाम उस्मान अली खान यांनी पुन्हा मागणी केली तेव्हा 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने, ब्रिटिश सत्तेपुढे बरोबरीने वाद घालण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकाला नाही, असे ठणकावले. आणि 1936 च्या करारात याच निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला. तुम्हाला मुलूख मिळणार नाही, तुमचा मुलूख नाही असेही आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याला यातले काय जाणवले, असा प्रश्न रास्त आहे. सारा भरायचा तो भरायचाच होता. पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान आहे की परराज्य, हे कायद्याच्या दृष्टीने अखेरपर्यंत सरळ उत्तर नसलेले कोडे राहिले, आणि सुमारे 95 वर्षांनी ते सुटले तेही उत्तर सापडल्यामुळे नव्हे. आधी इंग्रज गेले, मग निजामाचे राज्य गेले. दोन्ही हक्कदार उठून गेल्यावर मधली जागा आपोआप संपली.

शिरपूरचे हक्कदार मात्र उठून जाणारे नव्हते. बासीम जिल्हा मोडला त्याच वर्षी, 1905 मध्ये, श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यात पूजेच्या वेळांचे वेळापत्रक ठरले. दिवस वाटून घेतला, देव नाही. चांगली, शहाणी व्यवस्था होती ती. अडचण मूर्तीच्या द्रव्यात होती. परंपरेप्रमाणे ती वाळू आणि गोमय यांची आहे, म्हणून तिला अधूनमधून लेप द्यावा लागतो. आता लेप कोण देणार, आणि लेपावर काय उमटवणार? श्वेतांबरांच्या मूर्तीला कटिसूत्र आणि कच्छोटा असतो, म्हणजे कंबरेची दोरी आणि लंगोटीची रेघ. दिगंबरांच्या लेखी जिन, म्हणजे तीर्थंकर, निर्वस्त्रच हवा. दगडाची मूर्ती असती तर घडली तेव्हाच या रेघांचा निकाल लागला असता. लेपाच्या मूर्तीत तो दर लेपाला नव्याने लागतो. 1908 मध्ये श्वेतांबरांनी लेप केला, त्यात या खुणा आल्या, त्या खरवडल्याच्या तक्रारी झाल्या. 1910 मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तो नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरपर्यंत गेला, 1923 मध्ये तिथे निकाल लागला, आणि 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. व्यवस्थापन आणि लेपाचा हक्क श्वेतांबरांचा. दिगंबरांना 1905 च्या वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क.

आता तारखा शेजारीशेजारी ठेवा. अंतिम निकाल 1929 चा, कुलूप 1981 चे. ‘आपल्याकडे कोर्टाचे काम असेच, तारखांवर तारखा, यात तत्त्व कसले शोधता’ असे म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल. दिरंगाई होती, नंतरचे दावे-प्रतिदावे होते, ते दशकानुदशके चालले, हे सगळे खरे. पण कुलूप लागले तेव्हा निकाल होऊन बावन्न वर्षे उलटली होती. निकालाचा अभाव हे कारण असूच शकत नाही. निकालानेच दोन परस्परांना छेदणारे हक्क एका मूर्तीवर ठेवले होते: एकाला तिचे रूप ठरवण्याचा, दुसऱ्याला आपल्या वेळी आपल्या देवाची पूजा करण्याचा. ज्याला पूजेचा हक्क आहे त्याला दुसऱ्याने ठरवलेल्या रूपाची पूजा करावी लागते. ज्याला रूप ठरवण्याचा हक्क आहे त्याला रोज ठरलेल्या वेळी ते रूप न मानणाऱ्यांच्या हाती सोपवावे लागते. दोन्ही हक्क खरे आहेत, कायदेशीर आहेत, आणि ते दोन्ही पुरते बजावण्याची जागा एवढ्याशा गाभाऱ्यात नाही. कायदा-सुव्यवस्था सांभाळणाऱ्याला यातून सुचते ते कुलूप. इंद्र आणि विश्वामित्र यांच्यात जसे कोणीच हरले नाही, तसे कुलपामुळे कोणाचाच हक्क बुडाला नाही. फक्त बजावता येईना. भाविक दारातल्या लहानशा झरोक्यातून दर्शन घेत राहिले. लेपावाचून मूर्ती झिजत राहिली, आणि तिची झीज हा पुन्हा नव्या अर्जांचा विषय झाला.

दुसरा पर्याय काय होता, असे विचारता येईल. कुलूप नसते तर डोकी फुटली असती. अधांतर वाईट, पण रक्तपात त्याहून वाईट. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो पुरता खोडता येत नाही. कुलपाने काही जीव वाचवले असतीलही. पण तात्पुरता उपाय आणि अधांतर यांत मघाचाच फरक आहे, मुदतीचा. सहा महिन्यांचे कुलूप हा बंदोबस्त असतो. मुदत न लिहिलेले कुलूप सगळ्यांच्या सोयीचे होऊन बसते: प्रशासनाला जोखीम नाही, न्यायालयाला घाई नाही, पंथांच्या पुढाऱ्यांना तडजोड करून आपल्या लोकांचे बोल खाण्याची वेळ नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातला बेळगावचा सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथेही हेच दिसते. दोन्ही राज्यांतल्या सरकारांना तो जिवंत राहिलेला परवडतो, संपलेला परवडेलच असे नाही. अधांतर टिकते ते आळसामुळे कमी, आणि ते कोणालातरी परवडते म्हणून जास्त.

फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंदिर उघडण्याचा आणि श्वेतांबरांना लेप करू देण्याचा आदेश दिला, दिगंबरांचा पूजेचा हक्क कायम ठेवून. मार्चमध्ये दार उघडले, आणि त्याच महिन्यात दोन गट समोरासमोर येऊन गावात पोलीस बंदोबस्त लावावा लागला. त्यावरून ‘बघा, उघडून काय मिळवले’ म्हणणे चूक, तसेच ‘चला, प्रश्न मिटला’ म्हणणेही घाईचे. न्यायालयाने कुलूप काढले आहे. कुलूप ज्यातून आले ती हक्कांची मांडणी 1905 आणि 1923 चीच आहे. चर्चचा पेच नियमाचा अर्थ लावणाऱ्यांनी सैल केला, वऱ्हाडचा पेच हक्कदार संपल्याने संपला. शिरपूरला दुसरा मार्ग नाही आणि नसावा. पहिला आहे, पण तो न्यायालयाच्या हातचा नाही: कटिसूत्राची रेघ असलेल्या किंवा नसलेल्या मूर्तीपुढे आपली पूजा पूजा ठरते की नाही, हे दिल्लीत ठरत नाही. ते दोन्ही पंथांच्या आचार्यांना आपापल्या शास्त्रातून ठरवता येईल. पुढचा लेप केव्हातरी द्यावाच लागणार आहे, आणि तेव्हा हा प्रश्न पुन्हा समोर येईल.